वाटाड्याची पावलं

"सिनेमात एका सीनपुरता चाललो की सुटलो. तुमच्या गेममध्ये किती चालायचं गं?" चित्रपटांना पावलांचे आवाज देणारे बाबा स्टुडिओतल्या वाळूच्या पेटीत चपला घालून चालता चालता कुरकुरत होते. लेक बनवत असलेल्या गेममधल्या म्हाताऱ्या वाटाड्यासाठी.

"खेळणारा थांबेपर्यंत, बाबा."

"म्हणजे मला रिटायर होणं नाहीच!"

बाबांचं तेरावं झालं आणि ती कामावर परतली. रडू आलं नव्हतं. काहीच येत नव्हतं. ती गेम तपासायला बसली. पडद्यावरचा वाटाड्या भिंतीला टेकून अडला, तरी पावलं वाजतच राहिली, उजवं किंचित घासत. बाबांचं घासायचं तसंच.

"म्हातारा जागचा हलत नाहीये आणि पावलं चालूच? चूक नोंदव की," शेजारच्या टेबलावरची मृणाल म्हणाली.

"नोंदवते."

पण त्यासाठी चालायच्या बटणावरचा अंगठा उचलावा लागला असता.