खोक्याखालची बोटं

"मुलांवर विश्वास ठेवा हो!" असं टायपिंगचे सर प्रत्येक पालकसभेत घसा बसेपर्यंत सांगत. शिकताना जास्त मदत लागणाऱ्या मुलांना ते बोटांकडे न बघता टाइप करायला शिकवत. कोणी चोरून बघू नये म्हणून मुलांच्या हातांवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालत.

हा वर्ग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला आज संस्थेच्या अध्यक्षबाई येणार होत्या, आणि त्यांना नेमकं सगळ्यात मागे पडलेल्या मुलीचं काम बघायचं होतं. तिला वर्गात सगळे 'सावकाश' म्हणत. सरांनी सकाळीच एका वायरलेस कीबोर्डचा नखाएवढा रिसीव्हर तिच्या कॉम्प्युटरच्या मागे खोचून ठेवला. ती खोक्याखाली बोटं हलवू लागली, तेव्हा मागच्या बाकावर बसून सरांनी मांडीवरच्या त्या कीबोर्डवर तिला लिहायला दिलेलं वाक्य गुपचूप टाइप केलं: 'मी न बघता लिहू शकते.'

स्क्रीनभोवती जमलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यातून टाळ्या ऐकू आल्या. "एकही चूक नाही! वर्ग चालू राहणार, सर," बाई म्हणाल्या.

"अहो, मी काय केलं? सगळी मेहनत पोरीची," सर खाली बघत म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

पाहुणे गेल्यावर पोरगी सरांजवळ आली आणि तिने मूठ उघडली. आत रिसीव्हर होता.



"तुमचाय ना, सर? मी सुरू करायच्या आधीच काढून ठेवला. कोणाला सांगितलं नाही हं मी."