रफूकामाचं पान

"वेबसाइटचा पत्ता कुणाकुणाला पाठवलात, काकू?" कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आणि विचारताना आवाज इतका गोड केला की काहीतरी चुकलंय हे काकूंनी लगेच ओळखलं.

"घरच्या ग्रुपवर टाकलाय. एकतीस माणसं आहेत. बरोब्बर पाचला बघा म्हणून सांगितलंय सगळ्यांना!"

साडेचार वाजले होते. बाईंनी पडद्यावरच्या लांबलचक पत्त्यावर पेन्सिल टेकवली. "हा तुमच्या लॅपटॉपच्या पोटातला पत्ता आहे हो. पान इथेच आहे म्हणून तुम्हाला दिसतंय. ते अजून घराबाहेर पडलंच नाही. बाकी कुणालाही उघडणार नाही."

झालं! वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. मागच्या बाकावरचे निवृत्त ड्रायव्हर आजोबा तर हसू दाबता दाबता खोकलेच.

काकू रफूचं काम करत. कोटाला जळकं भोक पडो नाहीतर शाल उंदराने कुरतडो, काकूंचा हात फिरला की जागा शोधून सापडायची नाही. पण घरात त्याला काम कोण म्हणतंय! थोरल्या जाऊबाई फाटका कपडा काकूंच्या अंगावर भिरकावून जात, "उद्या लागेल गं," एवढंच बोलून. काकूंनी ही शिकवणी लावली तेव्हा जाऊबाईच भर जेवणात म्हणाल्या होत्या, "तुझी कसली आलीय वेबसाइट? बसल्या बसल्या चार टाके घालतेस, त्याची?" ते वाक्य काकूंना तोंडपाठ झालं होतं. आज पान उघडलं नाही तर जाऊबाई वर्षभर पुरवून पुरवून हसणार होत्या.

"बाई, तुम्हीच करून द्या ना पटकन!"

बाईंनी हात पाठीमागे बांधले. शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. "मी सांगते, तुम्ही करा. आधी इंटरनेटवर पान ठेवायला जागा घ्यायची. नाव टाका."

"अहो, अर्धा तास उरलाय!"

"मग बोलण्यात कशाला घालवताय?"

काकू पुटपुटत बसल्या. पासवर्ड दोनदा चुकला. पान एकदाचं वर चढलं, तर फोटो मागेच राहिलेला. एक बाही, आधी भोक पडलेली आणि नंतर रफू केलेली. सगळी मजा तर त्या फोटोतच होती. काकूंनी तोही चढवला. आजोबा एव्हाना हसायचं विसरून मोठ्याने मिनिटं मोजत होते.

"चार राहिली... तीन..."

"गप्प बसा हो तुम्ही!"

पाचला दोन मिनिटं कमी असताना नवा, आखूड पत्ता ग्रुपवर गेला. खाली काकूंनी लिहिलं, 'आधीचा विसरा.'

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. कुणाचं काही नाही. काकूंनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. आणि लॅपटॉप टिंग करून वाजला. पानाच्या तळाशी त्यांनी 'काम द्यायचं असल्यास लिहा' असं बटण ठेवलं होतं. त्यावरून निरोप आला होता. जाऊबाईंचा!

'नमस्कार. माझ्या लोकरी कोटाची बाही कोपरावर विरली आहे. आपल्याकडे रफू होईल का? केव्हा आणू, ते कळवावे.'

काकूंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग 'आपल्याकडे' या शब्दावर बोट ठेवून नुसत्याच बसल्या. डोळे भरून आले नि हसूही फुटलं, दोन्ही एकदमच.

मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं. 'नमस्कार. होईल. उद्या अकरानंतर आणावा.'

"अहो, उद्या कशाला?" बाई म्हणाल्या. "त्या तर तुमच्याच घरात असतात ना? आत्ता गेल्यावर घ्या की."

"छे!" काकूंनी ऐटीत 'पाठवा' दाबलं. "आज रविवार. दुकान बंद असतं."