एका शब्दाने

आठव्या महिन्यात ती तपासणीला आली, तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. "डॉक्टर, डोकं सारखं ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात," ती म्हणाली. बाहेर पेशंट खोळंबले होते. रक्तदाब न मोजताच डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीला सगळ्याचीच धास्ती वाटते. घरी जाऊन पडून राहा."

दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. बाळ वाचलं, ती गेली. डॉक्टरबाईंनी घरच्यांना सांगितलं, "इतका त्रास होत होता, पण मला एका शब्दाने बोलली नाही." घरच्यांनी ते खरं मानलं.

काही महिन्यांनी तिची आई नातीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली आणि लेक बसली होती त्याच खुर्चीत बसली.

"रोज तिच्या फोटोशी भांडते मी," आई म्हणाली. "घरात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा. मग डॉक्टरांपुढेच कशी गं दातखीळ बसली तुझी? या लेकराचा तरी विचार करायचास."

"नका भांडू तिच्याशी," डॉक्टरबाई कशाबशा म्हणाल्या.

"का नको?"

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. डॉक्टरबाईंनी ते गिळलं. "लहान होती हो. घाबरली असेल."

आईने डोळे पुसले. "घरीदारी सगळे तिलाच बोल लावतात," ती म्हणाली. "माझ्या लेकीची बाजू घेणाऱ्या तुम्हीच एकट्या भेटलात."