ढापणीचा गोल

"पुन्हा पूस ती काच," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

मॉनिटरने मायक्रोस्कोपचं भिंग पुसलं. स्लाइड धुतली, तिच्यावर नळाच्या पाण्याचा थेंब सोडला, स्वतः डोकावून बघितलं आणि बाजूला झाली. "काही नाहीये, बाई. नुसतं पाणी."

मग ढापणी वाकली. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा तिचा तो चष्मा काढून तिने डोळा लावला. "आहेत," ती पुटपुटली. "अजून आहेत."

"झालं! आले हिचे किडे!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खिदळला.

शाळेच्या व्हरांड्याची भिंत यंदा या वर्गाला रंगवायला मिळाली होती. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते भिंतीवर मोठ्ठं काढायचं, असं मुलांनीच ठरवलं होतं. प्रत्येकाला एक गोल. कुणाला कांद्याचा पापुद्रा, कुणाला माशीचा पंख, कुणाला मीठ. ढापणीच्या वाट्याला तळ्याचं पाणी आलं, तेव्हा ती घरी अक्षरशः नाचत गेली होती. जाणारच हो! चष्मा फुटेल म्हणून पोरगी खेळातून बाहेर, अडखळेल म्हणून नाचातून बाहेर. आख्ख्या शाळेत तिचं म्हणावं असं काही असेल, तर तो एक गोल.

बाईंचे नियम दोनच. पुस्तकात बघून काढायचं नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही. दिसेल तेच काढायचं. आणि डावा डोळा भिंगाला, उजवा कागदावर, दोन्ही उघडे, म्हणजे मान न हलवता हात चालतो. बाई स्वतः तशाच शिकल्या होत्या. त्यात काडीचाही बदल त्यांना खपत नसे.

ढापणीच्या कागदावर शेवाळ्याचे हिरवे धागे सुरेख उतरले होते. पण त्यांच्यावर काळे ठिपके होते, केसांसारखे वेडेवाकडे दोरे होते आणि कडेला एक पिवळी चमकती रेघ होती. बरं, तळ्याच्या पाण्यात असतं काहीबाही. पण सरावाला मीठ दिलं तर मिठातही तेच. कांद्याच्या पापुद्र्यातही तेच. आणि आता नळाच्या पाण्यातही.

"तू मनाचं घालतेस," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून ते जास्तच लागलं. "हात छान आहे गं तुझा. पण तुला सूट दिली, तर बाकीच्यांनी नियम का पाळायचा?"

भिंतीचा आराखडा फळ्यावर काढलेला होता. बाईंनी डस्टर उचललं आणि ढापणीच्या गोलापाशी नेलं.

ढापणी फळ्याकडे धावली. "आईशपथ, बाई! मी खोटं नाही सांगत. स्लाइड सरकवली तरी ते सरकत नाहीत. पण मी नजर फिरवली की माझ्याबरोबर फिरतात. नीट बघायला गेलं की पळतात!"

डस्टर तिथेच थांबलं.

"स्लाइड सरकवली तरी सरकत नाहीत?" बाईंनी विचारलं. मग स्वतःचाच नियम त्यांनी मोडला. "उजव्या डोळ्याने बघ बरं."

ढापणीने उजवा डोळा लावला. "गेले! बाई, सगळे गेले! नुसतं पाणी आहे!" तिने टाळ्याच पिटल्या. "आता मी अगदी बरोबर काढते. माझा गोल पुसू नका ना!"

वर्ग पुन्हा हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डस्टर खाली ठेवलं आणि तिच्या आईला फोन लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आई रडकुंडीला आली होती. "मला म्हणाली होती हो ती, काळं काळं दिसतं म्हणून. मीच खेकसले, चष्म्याला चरे पाडून ठेवलेस म्हणून."

डॉक्टरांनी बराच वेळ ढापणीच्या डाव्या डोळ्यात प्रकाश टाकून बघितलं. मग बाईंनी बरोबर आणलेली चित्रं बघितली. "आतल्या पडद्याला बारीकशी फाट पडली आहे," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या नंबराच्या डोळ्यात होतं असं कधीकधी. एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो, म्हणून पोरांच्या लक्षातच येत नाही. आणखी उशीर झाला असता, तर पडदा सुटला असता. आत्ता लेझरवर भागेल. डोळ्याला काही होत नाही, आई. पुसा ते डोळे."

आईने पदराने डोळे पुसले आणि लेकीला घट्ट जवळ घेतलं. त्या मिठीतूनच ढापणीने मान बाहेर काढली. "बाई, पण माझा गोल?"

"तुझा गोल कुठे जातोय!" बाई म्हणाल्या.

भिंत रंगवायला घेतली, तोवर कडेची चमक गेली होती. थोडे ठिपके उरले होते. ते राहतील, त्यांना घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ढापणी स्वच्छ हिरवं शेवाळं काढायला निघाली, तर बाईंनीच तिला अडवलं. "तेव्हा दिसलं होतं तेच काढ. ठिपके, दोरे, रेघ, सगळं." तिने ते जीव ओतून काढलं. भिंतीवरून जाणारा जो तो तिथेच थबकू लागला.

शेवटी मॉनिटर बारीक ब्रश घेऊन एकेका गोलाखाली नावं घालत आली. कांद्याचा पापुद्रा. माशीचा पंख. मीठ. ढापणीच्या गोलापाशी ती थांबली.

"इथे गं काय लिहू? तळ्याचं पाणी?"

ढापणीने चष्मा नाकावर सारखा केला.

"माझा डावा डोळा," ती म्हणाली. "आतून."