नावाड्याचा शेवट

भाचीने नवा लॅपटॉप खोक्यातून काढला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. मामांना दिसत नव्हतं. त्यांनी तो बोटांनी पाहिला. कडा, बिजागरी, बटणांच्या ओळी. खुर्च्यांना वेत विणणारी ती बोटं झाकणावर एका जागी थांबली.

"दाबलं की पोट आत जातंय याचं."

"स्वस्तातला आहे मामा. बसायला नाही आणला."

"मग कशाला आणलास?"

"ऐकायला. यात पुस्तकं भरली की हा मोठ्याने वाचतो."

मामी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चादरीची घडी वाकडी पडली. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घातली.

भाचीने वायर लावली. पडदा उजळला. त्याने भाषा विचारली, वायफायचा पासवर्ड विचारला, वापरणाऱ्याचं नाव विचारलं. भाचीने 'मामा' असं लिहिलं. मग पडद्यावर एक गोल फिरायला लागला तो फिरतच राहिला.

"गप्प का झाला?" मामांनी विचारलं.

"अपडेट घेतोय. तोवर बंद करू नका म्हणतो."

"म्हणजे पाहुणा आल्या आल्या जेवायलाच बसला."

त्याचं जेवण चहा होऊन कप विसळेपर्यंत चाललं. मग भाचीने विचारलं, "आवाज कुणाचा ठेवू? बाईचा की पुरुषाचा?"

"पुरुषाचा ठेव. बाईचा घरात आहे."

"मामी, सुटलात तुम्ही," भाची म्हणाली. "रोज रात्री घसा कोरडा करायला नको."

मामी हसल्यासारखं करून पुढचा टॉवेल उचलायला वळल्या.

"कुठलं लावू, मामा?"

"ते नावाड्याचं आहे का?"

"आहे. पण ते तर मामींनी वाचलंय ना तुम्हाला?"

"म्हणून तर. शेवट पुन्हा ऐकायचाय. पूर अंगावर घेऊन काय काठाला लागतो पठ्ठ्या!"

"अहो, नवीन काहीतरी ऐका," मामी म्हणाल्या.

"यंत्र नवीन आहे तेवढं पुरे."

पुस्तकातला नावाडी काठाला लागत नाही. थंडीत मामी ते वाचत शेवटच्या पानावर आल्या, तेव्हा मामा हातातला वेत सोडून पुढे झुकले होते, जणू दोर फेकायला उठतील. मामींनी पानावर नसलेलं एक वाक्य वाचलं. मग दुसरं. दुसऱ्याने तिसऱ्याला हात दिला, आणि नावाडी चिखलातून चालत घरी आला. मामा हसले. नजर गेल्यापासून तसे हसले नव्हते. पुढे आणखी एका कादंबरीतली आई दुखण्यातून उठली, एका गोष्टीतलं घर विकायचं राहिलं. मामांचं सगळं जग मामींच्याच तोंडून येत होतं. पेपर, औषधांच्या बाटल्या, डॉक्टरांचे कागद. त्यातलं एक वाक्य खोटं निघालं, तर बाकीची कशाच्या आधारावर उभी राहणार?

"शेवटचं प्रकरण लावते," भाची म्हणाली.

आवाज निघाला. सपाट, स्वल्पविरामाला अडखळणारा, पूर्णविरामावरून धावत जाणारा. पाणी चढलं. वल्हं मोडलं. नावाड्याने एकदा काठाकडे पाहिलं. मग नुसतं पाणी राहिलं. समाप्त. त्याच दमात तो प्रकाशकाचा पत्ता वाचायला लागला.

भाचीने त्याला थांबवलं. "वाचतोय ना नीट?"

मामांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. "नीट वाचतो. पण घाईचा आहे गं. माणूस पाण्यात पडला, की बुडवून मोकळा."

भाची हसली आणि तिने वाचण्याचा वेग कमी करून दिला. चालू करायचं बटण मामांच्या बोटाला दाखवलं, दोनदा त्यांच्याकडून करवून घेतलं, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

घरात दोघंच उरली. मामांनी अर्धी विणलेली खुर्ची पुढ्यात ओढली. एक वेत वरून, एक वेत खालून. आडवा ताणला, उभा ओढला. मामींनी घातलेल्या घड्या पुन्हा सारख्या केल्या.

"आजचा पेपर राहिलाय," मामा म्हणाले.

मामी पेपर घेऊन समोर बसल्या. पहिल्याच पानावर बोगदा खचल्याची बातमी होती. आत तीन मजूर. मामी वाचू लागल्या. माती कशी कोसळली, बाहेरच्यांनी हाका कशा मारल्या, आतून उत्तर कसं येईना. त्यांनी एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. वाचता वाचता त्यांचा आवाज बातमीच्या शेवटाशी आला आणि तिथे क्षणभर अडला.

"'पहाटे तिघांनाही बाहेर काढण्यात आले,'" त्यांनी वाचलं. "'तिघेही सुखरूप आहेत.'"

मामांचा हात वेतावर थांबला.

"हे तिथं लिहिलंय, की तुझं?"

"लिहिलंय," मामी म्हणाल्या. आणि उठून त्यांनी पेपर मामांच्या डोळ्यांसमोर धरला, त्या ओळीखाली बोट ठेवून.