मैनेच्या चपला

"चपला काढल्याबिगर घोडी आत येणार न्हाय," हणमंतप्पा म्हणाले आणि खंडोबाच्या देवळाच्या पायरीवर आडवे उभे राहिले.

राजेश्वरीने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग मैनेच्या खुरांकडे. मैना निवांत लगाम चावत होती. खाली रस्त्यावर पिकअप तयार होती आणि राजेश्वरीच्या नवऱ्याने, शंभुलिंगने, दोनदा हॉर्नही वाजवला होता. उद्या पुण्याकडे घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत होती. राजेश्वरीची ती पहिलीच. त्यासाठी तिने वर्षभर माकणीच्या धरणाकाठचा रस्ता मैनेबरोबर तुडवला होता. आता फक्त मैनेच्या कपाळाला भंडारा लागायचा राहिला होता. बैल असो, म्हैस असो, त्याशिवाय या घरातलं जनावर वेशीबाहेर जात नसे. मैना हणमंतप्पांची आणि नियमही हणमंतप्पांचाच.

आता घोडीला चपला कुठून आल्या, तर त्याचं असं झालं. डांबरी रस्त्यावर पळून पळून मैनेच्या खुरांना भेगा पडल्या होत्या. लोखंडी नालाचा खिळा धरेना. सोलापूरच्या डॉक्टरने वेगळे नाल सुचवले. रबरासारखे, खुराबरोबर वाकणारे, खिळ्यांऐवजी खास गोंदाने चिकटवायचे. ते बसवले आणि मैना अशी चालू लागली की पाहत राहावं. हणमंतप्पांनी मात्र ते पाहिल्याबरोबर पारावर जाऊन सांगितलं की सूनबाईनं घोडीला चपला आणल्यात. पार हसला, मग गाव हसलं. पोरं मैनेला पाहून चपलांचा नंबर विचारू लागली. पुढे पुढे तर राजेश्वरीच्याही तोंडात तोच शब्द बसला. नाल म्हणायचं सगळेच विसरले.

थट्टेतलं नाव, पण ते आता हणमंतप्पांच्याच पायात आलं होतं. लोखंडी नाल घालून मैना दर चंपाषष्ठीला याच पायऱ्या चढत होती, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. नाल तो नाल. पण चपला घालून देवळात? देवळाची झाडलोट तेच करत, दिवाबत्तीही तेच बघत. माणसाला एक नियम आणि स्वतःच्या घोडीला दुसरा, हे त्यांच्या मनाला पटेना. सुनेवर त्यांचा राग नव्हता, उलट तिचं कौतुकच होतं. पण देवापुढे कौतुक चालत नाही, असं त्यांचं मत होतं.

राजेश्वरीने सांगून पाहिलं. या चपला नव्हेत, मामा, हे नाल आहेत. हणमंतप्पा म्हणाले, गेले दोन महिने तू स्वतःच चपला म्हणतीस. 

"कालच नव्या चिकटवल्यात त्या," ती शेवटी म्हणाली. "आता वढून काढल्या तर खुराचं सालपट निघंल. मग कुठली शर्यत आन काय."

ते ऐकून हणमंतप्पांना कसंसंच झालं. ते पायरीवर बसले, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. मग एकदम उठले. त्यांना तोड सापडली होती. घोडी आत जात नसेल तर देव बाहेर येईल. चंपाषष्ठीला नाही का आपण देवाचा लाकडी घोडा मिरवायला बाहेर काढत? तोच आत्ता पायरीवर आणू. भंडारा इथंच लावू. नियमही राहील आणि शर्यतही.

शंभुलिंगला पिकअपमधून बोलावलं गेलं. बापलेकांनी चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि आत गेले. थोड्या वेळाने कमरेइतका उंच, पितळी डोळ्यांचा लाकडी घोडा दारात आला. पुढून शंभुलिंग, मागून हणमंतप्पा. राजेश्वरी मैनेला धरून खालच्या पायरीशी उभी होती. तिला खरोखर हुरूप आला. तिने हात जोडले.

पायऱ्या उतरताना शंभुलिंगने आपली बाजू जरा वर उचलली. घोडा मागे कलला आणि त्याचे पुढचे दोन्ही पाय राजेश्वरीच्या नाकासमोर आले.

दोन्ही खुरांखाली निळं रबर चिकटवलेलं होतं. कडेने खुराच्या मापात नीट कापलेलं. एका खुराच्या रबरात अंगठ्याजवळच्या पट्ट्याचं गोल भोकसुद्धा जसंच्या तसं होतं.

शंभुलिंगने मान वाकवून खाली बघितलं. मग त्याची नजर दाराबाहेर काढून ठेवलेल्या वडिलांच्या निळ्या स्लीपरांकडे गेली आणि तिथंच थांबली. हणमंतप्पांच्या ध्यानात सगळं एकदमच आलं. घोडा हातात होता, त्यामुळे त्यांना तोंडही लपवता येईना.

"देवळात नवी फरशी बसवली तवा घोडा सरकिवला की वरखडे पडायचे," ते पुटपुटले. मग घाईघाईने म्हणाले, "पर नव्या व्हत्या त्या. एकदाबी पायात घातल्या न्हवत्या म्या."

राजेश्वरीने मैनेचा लगाम हातात घट्ट धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"हिच्याबी नव्याच हायत, मामा."