घोड्यांचं पान

“अमेरिकेत तेव्हा घोडे नव्हतेच,” बाबा मोठ्यानं म्हणाले आणि मांडीवरचा ग्रंथ तसाच उघडा ठेवून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, प्राचीन अमेरिकेतल्या लोकांची कथा सांगणारा तो धर्मग्रंथ आईचा. आम्ही दोघी त्या चर्चमध्ये जायला लागल्यापासून ती रोज संध्याकाळी याच खुर्चीत बसून तो मोठ्यानं वाचायची. त्या कथेत घोडे आले की इतिहासाचे मास्तर असलेले बाबा तिला अडवायचे. आई चिडायची नाही. “तुम्ही आधी पुढचं ऐका हो,” एवढंच म्हणायची.

आता ती नाही. बाबा रोज वाचतात, तेही घोड्यांचं तेवढंच पान. मला ती आईची टिंगल वाटायची.

“विश्वास नाही, तर वाचता कशाला?” आज मी विचारलंच.

“तुम्हीच सांगता ना, वाचून मनापासून विचारलं की उत्तर येतं?”

“ते देवाला विचारायचं, बाबा.”

“देवाचं तुझं तू बघ.” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “आता जरा गप्प बस. बोलायच्या आधी ती घसा खाकरते.”

आमच्या घरात विश्वास ठेवणारी आता मी एकटीच. पण त्या खुर्चीकडे बघायचा धीर मला झाला नाही.